मोटारींचं पान

सोमवारी सकाळी ईश्वरी उमापूरच्या गाडीनं गेवराईला उतरली तेव्हा तिच्या पिशवीत किलोभर पेढे होते. यंदाच्या कार्तिकात उमापूरच्या दुकानातून एकही गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं नव्हतं. पंधरा वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं. आप्पांनी सगळ्यांना बैठकीला बोलावलंय म्हटल्यावर तिनं मनाशी धरलं होतं की बोलणं त्याचंच निघणार.

मिटकरींची मोटार-पंपांची तीन दुकानं होती. गेवराईचं मोठं दुकान आप्पांचा, म्हणजे वैजिनाथांचा थोरला मुलगा संगमेश्वर बघायचा. चकलांब्याचं धाकट्या राजेश्वरकडं होतं. उमापूरचं आप्पांच्या भावाचं, त्रिंबकचं. चौऱ्याऐंशी साली त्रिंबक अचानक गेला, आणि सात वर्षांच्या लेकीला, रुद्राणीला शेजारी बसवून त्याची बायको ईश्वरी दुकानात बसायला लागली. बाईमाणूस मोटारी काय विकणार, असं भाऊबंदांत बोललं गेलं. ते बोलणं तेव्हा थोरल्या जावेनं, शांतादेवीनं मोडून काढलं होतं.

ईश्वरीनं मोटारी विकल्या, आणि त्याहून जास्त, बिघडलेल्या मोटारींचं दुखणं ओळखायला शिकली. वाइंडिंग करणारा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरणारा बिभीषण हाताचा उस्ताद होता, पण मोटार का जळाली हे बाईच सांगतात, असं तो स्वतःच गिऱ्हाइकाला सांगायचा.

अडचण एकच होती. एका दुकानात चार बेरिंगा धूळ खात पडायच्या आणि तीच बेरिंग दुसऱ्या दुकानात नसायची. मग माणूस बसनं गेवराईला जायचा, तिथंही नसली तर चकलांब्याला. तोवर दोन पाळ्यांचं पाणी चुकून गहू वाळायला लागायचा.

ती अडचण रुद्राणीनं सोडवली. औरंगाबादला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून ती परत आली आणि तिनं आप्पांच्या मागं लागून तिन्ही दुकानांत एकेक यंत्र बसवलं. फोनच्या तारेवरून उमापूरचं आणि चकलांब्याचं यंत्र दिवसातून दोनदा गेवराईच्या यंत्राशी जोडलं जायचं.

"याला इन्ट्रानेट म्हणतात," ती म्हणाली होती.

"म्हंजे ते पेपरात येतंय ते?" आप्पांनी विचारलं होतं.

"न्हाई आप्पा. ते सगळ्या जगाचं. हे निस्तं आपल्या घरचं. बाहेरच्याला दिसत न्हाई."

तेव्हापासून सगळे त्याला घरचं जाळं म्हणायला लागले. त्यात आधी दोनच पानं होती. एक मालाचं, कुठल्या दुकानात काय आहे ते सांगणारं, आणि दुसरं निरोपाचं. तिसरं पान ईश्वरीनं सुचवलं. माल कुठं आहे ते कळलं, पण कुणाच्या मोटारीला काय लागतं ते कसं कळणार? मग सबंध मे महिना, दुपारी गिऱ्हाईक नसताना, ती सांगत गेली आणि रुद्राणी टाईप करत गेली. गाव, माणूस, मोटार किती हॉर्सची, केव्हा जळाली, कशानं जळाली, तार कुठली भरली. अकराशे चार मोटारी. पंखा बंद, अंगाला घाम, आणि मधेच एखाद्या गिऱ्हाइकाची नक्कल करून ईश्वरी लेकीला हसवायची. त्रिंबक गेल्यापासून इतकं बोलणं दोघींत झालं नव्हतं.

*

बैठक दुकानामागच्या खोलीत होती. कॉम्प्युटरही तिथंच होता. आप्पा पूजा आटोपून, कपाळावर विभूती लावून लोडाला टेकले होते. शांतादेवी भिंतीशी पाय लांब करून बसल्या होत्या. रुद्राणी आठ दिवसांपासून गेवराईतच होती, यंत्रावर नवी जोडणी करायची म्हणून. ती आईजवळ न येता खुर्चीतच बसून राहिली. ईश्वरीला ते जरा खटकलं, पण कामात असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

संगमेश्वरनं पेढा तोंडात टाकला आणि हात पुसून लांबलचक कागद उलगडला.

"काकू, ह्या जाळ्यानं आपलं काम लई हलकं केलं. कुठली बेरिंग कुठं हाय ते बसल्या जागी कळतंय. मग तोच माल तीन-तीन जागी कावून ठिवायचा?"

"म्हंजे?"

"म्हंजे माल सगळा गेवराईत. वाइंडिंग बी इथंच, बिभीषणला इकडं आणू. जीप रोज दोन फेऱ्या मारंल. राजू चकलांब्यात ठिबकचं शोरूम टाकतोय. उमापुरात एक खिडकी ठिवू. मोटार घ्यायची, चिठ्ठी द्यायची, जीपमधी टाकायची. त्याला एक माणूस बास झाला."

"आन् मी?"

बाहेर दुकानात कुणीतरी पाइप मोजत होतं, त्याचा खणखणाट आत येत होता.

"तू घरी यायचं, ईश्वरी," शांतादेवी म्हणाल्या. "पंधरा वर्सं एकटी ऱ्हायलीस त्या गावात. आता दमलीस. तुझी खोली तशीच ठिवलीया मी."

ईश्वरीनं जावेकडं पाहिलं. मागच्याच आठवड्यात फोनवर बोलताना संगूचं काहीतरी चाललंय असं शांतादेवीच म्हणाल्या होत्या, आणि वर म्हणाल्या होत्या, तू भिऊ नको, मी हाय तुझ्या पाठीशी.

"अक्का, तुमी मला दुकानात बसवलंत."

"बसवलं की. तवा गरज होती."

शांतादेवींना पुढचं बोलायचं नव्हतं. दोन्ही सुना वेगळ्या चुली मांडून बसल्या होत्या, आणि पहाटे उठून आप्पांच्या पूजेचं, पाण्याचं, जेवणाचं करताना त्यांचे गुडघे आता साथ देत नव्हते. घरात आणखी एक बाई हवी होती. ईश्वरी दुकानात मालकीण होती, घरी आली की ती धाकटी जाऊ होणार होती. हे त्यांना पुरतं कळत होतं, आणि म्हणूनच त्या तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या.

ईश्वरी राजेश्वरकडं वळली. "राजू, तू बोल की. परवा दुकानात येऊन काय म्हणलातास?"

राजेश्वर लहानपणी काकूच्या हाताखाली वाढला होता. त्यानं पेढ्याचा कागद बोटांत चुरगाळला.

"तवाची गोष्ट येगळी होती, काकू."

"परवा म्हंजे शुक्रवारी आलतास. तीन दिवसांत काय येगळं झालं?"

"दादा म्हणतो ते बरोबर हाय. एकाच जागी काम असलं तर भरभर हुतं."

"शुक्रवारी म्हणलास, दादाला तिन्ही दुकानं गिळायचीत, आपण दोघं मिळून आडवू. आन् शोरूम मिळालं की दादा बरोबर?"

"काकू, उगं जुनं काढू नका," संगमेश्वर म्हणाला.

"शुक्रवार जुना झाला व्हय रं?"

आप्पांनी हात वर केला. "ईश्वरी, भांडायला न्हाई बोलावलं. तुझं म्हणणं काय हाय ते सांग."

ईश्वरीनं पदर सावरला. ती हळू बोलायला लागली, दुकानात अडलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायची तसं.

"आप्पा, माल हलवा, मी कवा न्हाई म्हणले? पण माणसं उमापुरात माल बघून येत न्हाईत. मला इचारायला येत्यात. मोटार कुणाची, कुठल्या बांधावरची, मागल्या खेपेला कशानं जळाली, हे मला ठावं हाय म्हून येत्यात. ते काय जीपमधी घालून आणता येतंय?"

संगमेश्वरनं कागदाचं शेवटचं पान वर काढलं. त्याचा आवाज चढला नाही. वाणसामानाची यादी वाचावी तसा तो वाचत गेला.

"अकराशे चार मोटारी. त्यातल्या एक हजार नव्वद मोटारींचं उत्तर पानावर बघून देता येतं. तुमाला इचारायची गरज पडते ती चौदालाच. मागच्या दोन महिन्यांत उमापूरला आलेली सगळी गिऱ्हाइकं ताडून बघितली, काकू. हे माझ्या मनचं न्हाई."

ईश्वरीनं हात पुढं केला. त्यानं कागद दिला. तिला संगमेश्वरचं काम ठाऊक होतं, त्याच्या हातून इतकं नीट काही झालेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. मोटारीपुढं मोटार, तारखेपुढं तारीख. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक खूण. खूण असली तर काकूंची गरज नाही.

"ही यादी कुणी काढली?"

"मी," रुद्राणी म्हणाली. "मी काढली, आई."

*

रुद्राणीला महिन्यापूर्वी संगूदादानं सहज म्हणून सांगितलं होतं. जाळं किती उपयोगी पडतंय ते बघायचंय, जरा तपास. तिला आनंद झाला होता. औरंगाबादच्या तिच्या बरोबरीच्या पोरी दुसऱ्याच्या ऑफिसात चिठ्ठ्या टाईप करत होत्या आणि तिच्या जाळ्यावर तीन दुकानं चालत होती. चार दिवस राबून तिनं यादी काढली. हजाराच्या वर खुणा झाल्या तेव्हा तिनं खुर्चीतच टाळी वाजवली होती. त्या खुणांचा दुसराही अर्थ होतो, हे तिला काल संध्याकाळी कळलं, संगूदादानं तिला गेवराईच्या ऑफिसात खुर्ची देऊ केली तेव्हा. तिनं आईला फोन करायला हवा होता. तिनं केला नाही. उद्या ती येणारच आहे, समोरासमोर सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि ते खोटं आहे हे समजावतानाच तिला ठाऊक होतं.

आता आई तिच्याकडं बघत होती. तिला वाटलं आई ओरडेल. आईनं कागदाची नीट घडी घातली आणि समोर ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. उमापूरहून बिभीषण होता. संगमेश्वरनं फोनचा आवाज मोठा केला.

"बाई हाईत का? गहिनीनाथ आलेत मोटार घिऊन. परत जळालीया. मागच्या टायमाला तार कुठली भरलती ते इचारायचंय. इथली लाईट गेलीया, यंत्र बंद हाय."

ईश्वरीनं तोंड उघडलं. पण रुद्राणीच्या खांद्यावरून वाकून संगमेश्वरनं आधीच नाव शोधलं होतं, आणि ती बोलायच्या आत तो पडद्यावरचं वाचायला लागला.

"गहिनीनाथ, वरचा मळा. पाच हॉर्स. दोनदा जळाली. डीपीच्या खांबापासून लांब हाय, होल्टेज कमी मिळतं. एक नंबर जाड तार भरायची. आन् त्याला सांग, शेजाऱ्याची मोटार चालू असताना आपली चालू करू नको."

"व्हय व्हय," पलीकडून बिभीषण म्हणाला. "बाई बी हेच सांगत्यात." आणि फोन ठेवला.

खोलीत सगळे ईश्वरीकडं बघत होते. तिनं शोधलं, पण त्यात चूक नव्हती. काही राहिलंही नव्हतं. शेजाऱ्याच्या मोटारीची गोष्टसुद्धा होती. ती सांगताना मे महिन्यात दोघी मायलेकी किती हसल्या होत्या.

आप्पांनी ते सगळं पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वी एका टपरीत त्यांनी हे दुकान मांडलं होतं. कुठल्या गावाला माल पाठवायचा, कुणाला थांबवायचं, हे सगळं त्यांच्या तोंडून निघायचं. गेल्या सहा महिन्यांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ते दुकानात येऊन बसायचे, पेपर वाचायचे आणि जेवायला घरी जायचे. तीन पानांपैकी एकाही पानावर त्यांचं काम नव्हतं. ईश्वरीची बाजू घ्यावी असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण संगू उलटून बोलला तर? तुमाला तरी कोण इचारतंय आप्पा, असं सगळ्यांदेखत म्हणाला तर? म्हणणार नाही, अशी खात्री त्यांना आता देता येत नव्हती.

"संगू म्हणतो तसं करा," ते म्हणाले.

"आप्पा," ईश्वरी म्हणाली, "माझ्याकडं बघून सांगा."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "येळ बदललीया, पोरी," म्हणून ते उठले.

*

रुद्राणीनं आईला मागच्या दारात गाठलं. ईश्वरी चपला घालत होती.

"आई, जेवून जा."

"गाडी हाय साडेबाराची."

"मला ठावं नव्हतं गं. आईशप्पथ. यादी काढली तवा ठावं नव्हतं."

"आन् काल?"

रुद्राणी एकदम आईचा दंड धरून, आतला कुणी ऐकणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मी पुसते ते पान. सगळं. दोन मिनिटं लागत्यात. मग बसू दे दादाला. तुलाच बोलवावं लागंल."

ईश्वरीनं आतल्या खोलीकडं पाहिलं. रुद्राणीला वाटलं ती हो म्हणेल. तिनं म्हणावं असंही वाटलं.

"आन् गहिनीनाथची मोटार उद्या परत जळाली तर? त्यानं काय केलंय तुझं?"

"मग काय करायचं?"

"काय न्हाई. मी सांगितलं, तू लिवलंस. दोघींनी आपल्या हातानं केलंय." तिनं लेकीचा हात दंडावरून सोडवला. "तुला खुर्ची देतोय न्हवं संगू?"

"मी न्हाई बसणार."

"बस. उमापूरच्या खिडकीवर बसून चिठ्ठ्या फाडण्यापरीस ते बरं. फकस्त मला घरी ये म्हणू नको. तुज्या मोठ्या आईच्या चुलीला मी न्हाई यायची."

ती गेली. रुद्राणी दारात उभी होती, पण ईश्वरीनं कोपऱ्यावर वळताना मागं पाहिलं नाही.

*

पुढच्या सोमवारी जीप उमापूरला आली आणि दुपारपर्यंत दुकान रिकामं झालं. बिभीषण मोटारी उचलून देत होता. त्यानंही गेवराईला जायचं कबूल केलं होतं. त्याची लेक तिथं शाळेत घालायची होती. हे सांगायला तो चार दिवस घुटमळला, शेवटी ईश्वरीनंच त्याला म्हटलं, जा बाबा, मी काय म्हणते का तुला.

सगळ्यात शेवटी यंत्र न्यायचं होतं. जोडणीची वेळ झाली तशी सवयीनं ईश्वरी पुढं बसली आणि तिनं फोन लावला. निरोपाच्या पानावर एक निरोप आला होता.

"अंगद, चकलांबा रस्ता. पाच हॉर्स, नवी. दोनदा वाइंडिंग केलं, दोन्ही वेळा आठ दिवसांत जळाली. होल्टेज तपासलं, तार बरोबर आहे. पानावर काही नाही. गहू पिवळा पडायला लागलाय म्हणतो. काय करावं?"

खाली एक ओळ सोडून आणखी लिहिलं होतं.

"आई, फोन उचलत नाहीस. आठ दिवस झाले. मी येऊ का?"

ईश्वरीनं पहिला भाग दोनदा वाचला. अंगदची मोटार नवी होती, पण विहीर नवी नव्हती. ती कडूबाईची विहीर, त्यानं दोन वर्षांपूर्वी जमिनीबरोबर घेतलेली. कडूबाईची मोटारसुद्धा अशीच जळायची. पान मोटारींचं होतं, विहिरींचं कुणी लिहिलं नव्हतं. ती सांगायलाच विसरली होती. लिहिलं नाही, तर ते अजूनही एकट्या तिचंच होतं.

"बाई, जीप थांबलीया," बिभीषण म्हणाला.

"थांब जरा."

तिनं एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाईप केलं. बराच वेळ लागला. मग पाठवलं, आणि लगेच उठून भिंतीतली तार तिनं स्वतःच ओढली.

"ने," ती म्हणाली.

*

गेवराईला रुद्राणी पडद्यासमोर बसून होती. अंगद दारात बिडी विझवून उभा होता. उत्तर आलं.

"मोटारीत दोष नाही. विहिरीत वाळू आहे. पाइपाच्या तोंडचा फुटवॉल तळापासून दोन हात वर बांधा. पंपाचा बुश बदला, घासला असेल. मग मोटार भरा. त्याआधी भरू नका."

रुद्राणीनं ते अंगदला वाचून दाखवलं. तो कपाळावर हात मारून हसला, "आयला, वाळू! बरोबर हाय, पंपातून कुरकुर येत होती," आणि गडबडीनं निघून गेला. तिनं पान खाली सरकवलं. मग आणखी खाली; 'येऊ का'चं उत्तर नव्हतं. तिनं परत फोन जोडून पाहिला. पलीकडून यंत्रानं उचलला नाही, नुसती घंटी वाजत राहिली.

संगमेश्वर मागं येऊन उभा राहिला होता.

"आलं न्हवं काकूचं? मग घाल की पानावर. आन् विहिरीचा बी एक रकाना कर, कामाला येतोय."

रुद्राणीनं नवा रकाना केला. अंगदचं नाव घातलं, आईचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं. ओळीच्या शेवटी माहिती कुठून आली ते लिहायचं असायचं. तिनं 'उमापूर' लिहिलं.

"उमापूर कावून?" संगमेश्वर म्हणाला. "ते आजपासून बंद. गेवराई लिही."

रुद्राणीनं 'उमापूर' पुसून तिथं तीन अक्षरं लिहिली: ईश्वरी.